मालदीव एकट्याने आणि बेताच्या खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालदीवबद्दल आमच्याकडे येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, त्यामुळे ते इथे एकत्र केले आहेत. सगळे प्रश्न एकट्याने जाणाऱ्यांचे आहेत, आणि उत्तरं रिसॉर्टची नसून माणसं राहतात त्या बेटांची आहेत. किमती अमेरिकन डॉलरमध्ये आणि ठोकळ दिल्या आहेत, कारण तिथला पर्यटनाचा सगळा व्यवहार डॉलरमध्येच चालतो. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ५ वाचा. बजेट कोसळतं ते बहुतेक वेळा खोलीमुळे नाही, बोटीमुळे.

१. मालदीव म्हणजे पाण्यावरचे बंगले आणि लाखाची बिलं. बेताच्या पैशांत एकट्याने जाता येतं का?

येतं. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढची जवळजवळ चार दशकं पर्यटकांना रिसॉर्टच्या बेटांवरच ठेवायचं, असं धोरण राहिलं. एक बेट, एक रिसॉर्ट. गावं वेगळी, पाहुणे वेगळे. २००९ नंतर नियम बदलले आणि वस्तीच्या बेटांवर स्थानिक लोकांना गेस्ट हाऊस काढायची मुभा मिळाली. माफुशी हे त्यात आघाडीवर असलेलं बेट. आज जवळपास १२०० बेटांपैकी १८०-१९० बेटांवर वस्ती आहे आणि त्यातल्या अनेक बेटांवर गेस्ट हाऊस आहेत. समुद्र तोच, प्रवाळ तेच, मासे तेच. रिसॉर्टमध्ये जे मोजता ते एकांत, दारू आणि सेवा यांचे पैसे. ते नको असतील तर हा देश तुमच्या आवाक्यात आहे.

२. व्हिसा लागतो का? सोबत कोणते कागद ठेवायचे?

आधी काढावा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर पोहोचल्यावर पर्यटक व्हिसा मिळतो, फुकट. मात्र तीन गोष्टी हाताशी हव्यात: परतीचं तिकीट, राहण्याचं पक्कं बुकिंग आणि ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन प्रवास अर्ज. हा अर्ज विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा असतो, जातानाही आणि परततानाही, आणि सरकारी संकेतस्थळावर तो मोफत आहे. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर पैसे मागितले तर तिथून बाहेर पडा. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असू द्या. मालदीवचा नियम एवढा कडक नाही, पण विमानतळावर चेक-इन करणारा माणूस अडवू शकतो.

३. सगळं मिळून खर्च किती येईल?

पाच रात्रींचा हिशेब मांडू. गेस्ट हाऊसची साधी, वातानुकूलित खोली नाश्त्यासह ३५ ते ६० डॉलरला मिळते. समजा ती ४५ ला दिसली. बुकिंगच्या पानावर दिसणारा आकडा बऱ्याचदा करांशिवायचा असतो. त्यात १० टक्के सेवा शुल्क, म्हणजे ४९.५०. त्यावर पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, म्हणजे जवळपास ५८. वर माणशी, दर रात्री ६ डॉलर हरित कर. ४५ ची खोली ६४ ला पडली. दोन गेस्ट हाऊसची तुलना करताना हा शेवटचा आकडाच बघा. ५० पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलात हरित कर ६ नाही, १२ असतो, त्यामुळे एकट्या माणसाला छोटं गेस्ट हाऊस इथेही स्वस्त पडतं.

म्हणजे राहण्याचे ३२०. दुपार-रात्रीचं जेवण दिवसाला १५ ते २० धरलं तर ९०. जवळच्या बेटावर स्पीडबोटने जाणं-येणं ५०-६०. दोन सहली ८० च्या आसपास. सिमकार्ड, पाणी, किरकोळ धरून एकूण साडेपाचशे ते सहाशे डॉलर, म्हणजे आजच्या भावाने ५० हजार रुपयांच्या आसपास. विमान वेगळं. तिकीट फार खाली येत नाही याचं एक कारण त्यातच दडलेलं आहे. मालदीव सोडताना परदेशी माणसाला इकॉनॉमी वर्गासाठी निर्गमन कर ५० डॉलर आणि विमानतळ विकास शुल्क ५० डॉलर असे १०० डॉलर लागतात, आणि ते तिकिटात आधीच धरलेले असतात. विमानतळावर ते पुन्हा कुणी मागत नाही.

४. इतक्या बेटांतून एक बेट निवडायचं कसं?

आधी स्वतःला विचारा: सोबत हवी आहे की शांतता?

सोबत हवी असेल तर माफुशी. तिथे सहलींचे गट रोज निघतात, एकट्या माणसाला कुणाच्या तरी बोटीत सहज जागा मिळते आणि स्पर्धेमुळे दर कमी राहतात. पण गर्दी आहे, आणि किनाऱ्यालगत उंच हॉटेलं झाली आहेत. तेवढ्याच टापूत धिफुशी हे लहान, निवांत बेट आहे. थुलुस्धू लाटांवर सर्फिंग करणाऱ्यांचं.

थोडं लांब जायची तयारी असेल तर माझी पसंती थोड्डूला. हे शेतीचं बेट आहे, कलिंगड आणि पपईसाठी देशभर ओळखलं जातं. सायकल भाड्याने घेऊन शेतांमधल्या वाटांनी किनाऱ्यावर जाता येतं आणि फळं ताजी मिळतात. धिगुराहला देवमाशासारखा प्रचंड दिसणारा व्हेल शार्क बघायला जातात. दक्षिण आरी अ‍ॅटॉलचा (अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचा समूह) तो भाग संरक्षित आहे आणि हा मासा तिथे वर्षभर असतो. फुलिधूला पाकट मासे गुडघाभर पाण्यात येतात. धरवंधू हे हनिफारू खाडीसाठी. ती खाडी बा अ‍ॅटॉलमध्ये आहे, ज्याला २०११ साली युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. साधारण जून ते नोव्हेंबर तिथे मांटा रे, म्हणजे प्रचंड मोठे पाकट, गोळा होतात. मात्र हनिफारूत टाकी लावून डायव्हिंग करायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, लावून उतरता येतं. डायव्हर मंडळींनी हे लक्षात ठेवून आखणी करावी.

५. विमानतळावरून बेटावर कसं जायचं? फेरी आणि स्पीडबोट यात एवढा फरक का?

वेलाना विमानतळ स्वतःच एका बेटावर आहे, हुलहुले त्याचं नाव. तिथून राजधानी मालेला आणि शेजारच्या हुलहुमाले बेटाला २०१८ साली सुरू झालेल्या पुलावरून बस जाते. बाकी सगळीकडे पाण्यातूनच.

सरकारी फेरी ही आपल्या एसटीसारखी: संथ, भरवशाची, आणि गावकऱ्यांच्या वेळापत्रकाने चालणारी. मालेहून माफुशीला तिला दीड तास लागतो आणि भाडं काही डॉलरांत भागतं. तेच अंतर स्पीडबोट अर्ध्या-पाऊण तासात कापते आणि एका बाजूचे २५ ते ३० डॉलर घेते. थोड्डू किंवा फुलिधूसाठी ३५ ते ५०, धिगुराहसाठी त्याहून जास्त. २०२२ पासून ‘आरटीएल’ या नावाने वेगवान सरकारी बोटींचं जाळं टप्प्याटप्प्याने वाढतं आहे. तुमच्या बेटाला ती लागते का हे गेस्ट हाऊसला विचाराच.

आता कळीच्या गोष्टी. पहिली: शुक्रवार. त्या दिवशी बहुतेक फेऱ्या बंद असतात आणि स्पीडबोटीही कमी. दुसरी: लांबच्या बेटांची संथ फेरी रोज नसते. एक दिवस जाते, दुसऱ्या दिवशी परत येते. तिसरी: मालेची फेरी साधारण दुपारी सुटते, म्हणजे विमान संध्याकाळी उतरणार असेल तर ती गेलेली असणार. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी बोटीचं वेळापत्रक बघा. उलट्या क्रमाने केलं, की स्वस्त तिकिटात वाचलेले दोन-तीन हजार रुपये मालेतल्या एका मुक्कामात जातात.

बेटावर एकट्या माणसासाठी खास बोट ‘ठरवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर आधी दर विचारा. ठरलेल्या वेळेची बोट आणि खास बोट यांच्या भाड्यात कित्येक पटींचा फरक असतो. सीप्लेनचा विचार या बजेटमध्ये करूच नका.

६. कोणत्या महिन्यात जाणं परवडतं?

डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, समुद्र शांत, दर चढे. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे, म्हणजे आपल्याकडे येणारा तोच पाऊस, आणि खोल्यांचे दर बरेच उतरतात. तिथला पाऊस कोकणासारखा आठ-आठ दिवस धरून बसेलच असं नाही. सरी येतात, मध्येच लख्ख ऊन पडतं. पण वाऱ्याने समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. एप्रिलचा शेवट आणि नोव्हेंबर हे मधले महिने मला सगळ्यात रास्त वाटतात. मांटा बघायचे असतील तर पावसाळ्यातच जावं लागेल (प्रश्न ४).

७. रुपये चालतात का? कार्ड की रोख?

रुपये घेऊन जाऊ नका. डॉलर न्या, तेही १, ५, १० आणि २० च्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटांत. स्थानिक चलन रुफिया, अधिकृत दर डॉलरला १५.४२. हॉटेलं-दुकानांत सरळ १५ ने हिशेब करतात. कॅफेत आणि किराणा दुकानात रुफियात पैसे देणं बरं पडतं, म्हणून विमानतळावर थोडे बदलून घ्या. उरलेले रुफिया भारतात कुणी घेत नाही, त्यामुळे जास्त बदलू नका. गेस्ट हाऊस आणि डायव्हिंगवाले कार्ड घेतात, पण काही जण त्यावर वेगळा आकार लावतात. माले सोडल्यावर एटीएम असेलच असं नाही, आणि असलं तरी परदेशी कार्डावर शुल्क लागतं. रोख संपल्यावर सोय शोधण्याऐवजी आधीच पुरेशी ठेवा.

८. मी शाकाहारी आहे. उपाशी तर राहणार नाही ना?

राहणार नाही, पण रोज थोडं बोलावं लागेल. इथलं जेवण टूनावर उभं आहे, म्हणजे आपल्याकडचा कुपा. सकाळचा नाश्ता ‘मास हुनी’: कुपाचे बारीक तुकडे, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने कुस्करून एकत्र केलेलं, सोबत ‘रोशी’ ही पातळ पोळी. मासे खात असाल तर याहून स्वस्त आणि चविष्ट नाश्ता सापडणार नाही. दुपारी ‘गरुधिया’ हे माशाचं निवळ सार आणि भात. संध्याकाळी कॅफेत ‘हेधिका’, म्हणजे तळणीचे छोटे पदार्थ, चहाबरोबर. एक-दोन डॉलरांत पोट भरतं.

पण भाजीच्या सारणातही सुका मासा असू शकतो. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मासे नको, सुका मासाही नको’ असं स्पष्ट सांगा. बरेच आचारी बांगलादेशी, श्रीलंकेचे किंवा भारतीय असतात, त्यातल्या अनेकांना हिंदी समजतं आणि डाळ, भात, भाजी ते आनंदाने करून देतात, फक्त सकाळीच सांगून ठेवा. भाज्या बहुतांश बाहेरून येतात, म्हणून महाग. थेपले, मेतकूट, लाडू, भाजणी असं कोरडं सामान नेलं तर दिवसातलं एक जेवण सहज निघतं.

नळाचं पाणी पिऊ नका. ते खारं पाणी गोडं केलेलं असतं, अंघोळीला ठीक. रिकामी बाटली न्या, बऱ्याच गेस्ट हाऊसमध्ये भरून मिळते.

९. कपड्यांचे नियम काय आहेत?

ही मुस्लिम गावं आहेत आणि तुम्ही त्यांच्या दारासमोरून चालता. गल्लीत, दुकानात, बोटीवर खांदे आणि मांड्या झाकलेल्या असाव्यात. पुरुषांनीही उघड्या अंगाने फिरू नये. पोहण्याच्या कपड्यांसाठी बेटावर वेगळा किनारा राखलेला असतो, त्याला ‘बिकिनी बीच’ म्हणतात आणि तशी पाटीही असते. गेस्ट हाऊस निवडताना तिथून हा किनारा किती दूर आहे हे बघा. निर्जन वाळूच्या पट्ट्यावर सहलीला नेतात, तिथे ही अडचण नसते.

१०. मी एकटी मुलगी आहे. सुरक्षित आहे का?

लहान बेटावर दोन-तीन तासांत तुम्ही कुठे उतरला आहात हे साऱ्या गावाला कळतं, आणि याचा तुम्हाला फायदाच होतो. धक्क्याजवळ झाडाखाली लोखंडी चौकटीत दोरीची जाळी विणलेल्या खुर्च्यांची रांग असते, त्यांना ‘जोली’ म्हणतात. दुपार उतरली की बायका तिथे गप्पा मारत बसतात. जाऊन बसा, बहुतेक वेळा त्याच आधी बोलतात. बेटावरच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा तिथे जास्त कळतं.

तरी काळजी नेहमीचीच घ्या. गेस्ट हाऊस निवडताना एकट्या स्त्रियांनी लिहिलेले अभिप्राय वाचा. रात्री उशिरा निर्जन किनाऱ्यावर जाऊ नका. माले हे गजबजलेलं शहर आहे, तिथे अंधार पडल्यावर आडगल्ल्या टाळा. पोलिसांचा क्रमांक ११९, रुग्णवाहिका १०२, तटरक्षक १९१.

११. सहली एकट्याला महाग पडतात. त्यावर उपाय आहे का?

आहे. दर माणशी असतो, पण बोट सुटायला किमान माणसं लागतात, बहुधा तीन-चार. म्हणून बुकिंग करण्याआधी गेस्ट हाऊसला एकच प्रश्न विचारा: ‘त्या आठवड्यात व्हेल शार्कची बोट आधीच ठरली आहे का, आणि एका माणसाला घ्याल का?’ उत्तर ‘आल्यावर बघू’ असं असेल तर ते बेट एकट्यासाठी अवघड जाईल. पोहोचलात की पहिल्याच दिवशी नाव नोंदवा, हवामानाने बोट रद्द झाली तर पुढचे दिवस हातात राहतात. शेजारच्या गेस्ट हाऊसच्या बोटीतही जागा मिळते, तिथे विचारायला संकोच करू नका. आणि धक्क्यावरून किंवा किनाऱ्यावरून थेट पोहत जाता येईल असा प्रवाळ असलेलं बेट निवडलं तर अर्ध्या सहलींची गरजच उरत नाही. पण त्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

१२. एकट्याने स्नॉर्केलिंग केलं तर चालेल का?

पूर्ण एकट्याने नाही. हे मी आग्रहाने सांगते. वरून तळं वाटावं असं पाणी असतं, पण दोन बेटांच्या मधल्या खाडीतून भरती-ओहोटीचा ओढ जबरदस्त असतो. प्रवाळाची कड संपली की तळ एकदम खोल जातो आणि बघता बघता तुम्ही किनाऱ्यापासून लांब गेलेले असता. उतरण्याआधी स्थानिक माणसाला विचारा: आज ओढ कुठल्या दिशेला आहे, बाहेर कुठून पडायचं? सोबतीला कुणीतरी घ्या, त्याच गेस्ट हाऊसमधला पाहुणाही चालेल. पोहता येत नसेल तर जीवरक्षक जाकीट काढू नका, कुणी हसलं तरी. ओढीत सापडलात तर उलट पोहून दमू नका, आडवे पोहत बाजूला निघा.

प्रवाळावर पाय देऊ नका, तो जिवंत आहे. प्रवाळाचे तुकडे किंवा कासवाच्या कवचाच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. विम्यात जलक्रीडा आणि बोटीने रुग्णालयात नेण्याचा खर्च धरला आहे ना, हे तपासूनच विमा घ्या.

१३. बॅगेत काय ठेवू नये? दारू चालते का?

वस्तीच्या बेटांवर दारू नाही, विकत नाही आणि सोबतही नाही. मुंबई विमानतळावर शुल्कमुक्त दुकानातून घेतलेली बाटली मालेत कस्टम ताब्यात घेतं आणि जाताना परत देतं. डुकराचं मांस नको. ई-सिगारेटवर २०२४ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे, पर्यटकांनाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक नियम आला: १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तंबाखू वापरता येत नाही. कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींनी हे नीट वाचावं.

आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक नसतं ते हे: पूजेच्या मूर्ती देशात आणायला मनाई आहे. प्रवासात बॅगेत छोटा गणपती ठेवायची सवय असेल तर या वेळी तो घरीच राहू द्या. झोपेची, मानसोपचाराची किंवा तीव्र वेदनाशामक औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. ड्रोनला परवानगी लागते.

१४. एक दिवस तरी रिसॉर्ट बघायचं आहे. मुक्काम न करता जमेल?

जमतं. काही रिसॉर्ट दिवसाचा पास देतात, त्यात जेवण आणि तरणतलाव असतो. बोट धरून बहुधा शंभर डॉलरच्या पुढे जातं. मला विचाराल तर त्या पैशांत गेस्ट हाऊसच्या दीड रात्री निघतात. तरी गेलात तर घड्याळाकडे लक्ष द्या. मालदीवची वेळ भारताच्या अर्धा तास मागे आहे, पण काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेपेक्षा तासभर पुढे ठेवतात. परतीची बोट कुठल्या वेळेने सुटते हे विचारून घ्या.

१५. बुकिंग न करता एका बेटावरून दुसऱ्यावर फिरत राहिलं तर?

दोन कारणांनी नको. इमिग्रेशनला मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं (प्रश्न २), आणि दोन अ‍ॅटॉलना जोडणाऱ्या थेट बोटी थोड्या. बहुतेक वेळा मालेला परत येऊन दुसरी बोट धरावी लागते, म्हणजे भाडं दुप्पट. पाच-सहा रात्रींसाठी एक बेट पुरतं. दोन हवीच असतील तर एकाच अ‍ॅटॉलमधली घ्या, उदाहरणार्थ रसधू आणि उकुलहस.

१६. रमजानमध्ये जावं का?

गर्दी कमी, दर कमी, पण दिवसा कॅफे बंद. गेस्ट हाऊस पाहुण्यांना जेवण देतात, त्यामुळे त्या काळात दुपारचं जेवण खोलीच्या दरातच ठरवून घ्या. रस्त्यात, बोटीवर काही खाऊ-पिऊ नका, पाणीसुद्धा नाही. फेरीच्या वेळा बदलतात. सूर्यास्तानंतर मात्र गाव जागं होतं आणि खायला एरवीपेक्षा जास्त प्रकार मिळतात.

१७. त्यापेक्षा लक्षद्वीप स्वस्त पडणार नाही का?

पासपोर्ट लागत नाही, पण प्रवेशाची परवानगी लागते, राहण्याची सोय मोजकी आहे आणि मनात आलं म्हणून एकट्याने बेट बदलता येत नाही. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला लोक ‘महल’ बोलतात, ती मालदीवच्या धिवेही भाषेचीच बोली, एवढी ही दोन्ही ठिकाणं जवळची. ५० हजारांची तजवीज होत नसेल तर मी अंदमान सुचवेन. तिथे सरकारी बोटी आहेत आणि खोल्या खूप स्वस्त मिळतात.

१८. २०२४ च्या वादानंतर भारतीयांशी कसं वागतात?

तो वाद मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल केलेल्या वक्तव्यांवरून झाला आणि त्यांना निलंबितही केलं गेलं. जुलै २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान तिथल्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे होते. गावपातळीवर भारतीय पाहुणा नवा नाही. उपचारासाठी आणि शिक्षणासाठी भारतात येऊन गेलेली माणसं जवळपास प्रत्येक बेटावर भेटतात. राजकारण तुम्ही काढू नका, म्हणजे तेही काढणार नाहीत.

१९. विमान रात्री उतरतं किंवा पहाटे सुटतं. तेव्हा काय करायचं?

रात्री बोट शोधत बसू नका. हुलहुमालेला मुक्काम करा. बसने जाता येतं, मालेपेक्षा मोकळं आहे, आणि सकाळी जवळच विमानतळ. शुक्रवारी रात्री पोहोचत असाल तर शनिवारची बोट आधीच राखून ठेवा, कारण अडकलेले सगळे तीच धरतात. परतताना विमान दुपारी बाराच्या आत असेल, तर लांबच्या बेटावरून त्याच सकाळी निघण्याची जोखीम घेऊ नका. समुद्र खवळला तर पहिली बोटच रद्द होते. शेवटची रात्र हुलहुमालेला काढा आणि बेटाच्या खोलीची एक रात्र त्या हिशेबाने आधीच कमी करा.